डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं

मोठे डॉक्टर गेल्यापासून आमच्या गल्लीत कुणी माणसासारखं बोलेनासं झालं. जो तो गळा काढतो, देवमाणूस होते हो, देवमाणूस. बेकरीवाला पाव बांधून देता देता डोळे पुसतो. याच बेकरीवाल्याला डॉक्टरांनी भर दवाखान्यात "ढेरपोट्या, तुझं काळीज चरबीत पोहायला लागलंय" असं सुनावलं होतं, तेव्हा हा कित्येक महिने दवाखान्यावरून जाताना तोंड फिरवून जायचा. पण माणूस मेला की धुतल्या तांदळासारखा होतो. जिवंतपणी त्याला एवढं कुणी धूत नाही.

मी त्यांच्याकडे उभा जन्म काम केलं. पुड्या बांधल्या, सुया उकळल्या, जखमा धुतल्या, सुईला घाबरून लाथा झाडणारी पोरं धरून ठेवली, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हा मला रडायचा हक्क आहे आणि चिडायचाही आहे. रडून झालं.

डॉक्टर खेड्यातले. डोंगराच्या उतारावर चार घरं, माणसांपेक्षा गुरं जास्त, असलं खेडं. बाप गुरं राखायचा, आणि शाळेत घातलं तोवर डॉक्टरही गुरांच्या मागेच होते. पुढे शिकले, शहरात आले, दवाखाना थाटला, पण त्यांची वैद्यकी अर्धी कॉलेजातली आणि अर्धी त्या उतारावरची. ते म्हणायचे, "जनावर कधी सांगतं का, मला इथे दुखतंय म्हणून? बघावं लागतं." म्हणून त्यांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. पेशंट पायरी चढायला लागला की यांची नजर त्याच्या पायांवर. माणूस आत येऊन "डॉक्टर, गुडघा..." म्हणेपर्यंत हे सांगून मोकळे, "गुडघा नाही, कंबर आहे तुझी. बस." आणि खरंच कंबर असायची. श्वासाचा वास घ्यायचे. तळपायाला हात लावून बघायचे. पोटावर पंजा ठेवून डोळे मिटायचे, तेव्हा दवाखान्यात माशीसुद्धा हलत नसे. यात खोटं काही नाही. डॉक्टर म्हणून माणूस बावनकशी होता.

पण आवाज! त्या उतारावरून समोरच्या उतारावर हाक मारायची सवय. तो आवाज त्यांनी शहरात आणला आणि मरेपर्यंत खाली ठेवला नाही. आणि त्यात खोलीला दार नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक लांबलचक बाक, आतल्या खोलीत डॉक्टर. मध्ये चौकट. चौकटीला पूर्वी दार होतं म्हणे. दवाखाना घेतला त्याच दिवशी डॉक्टरांनी ते बिजागरीतून काढलं आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून त्याचं तपासायचं टेबल केलं. तेव्हा टेबल घ्यायची ऐपत नव्हती, हे समजू शकते. नंतर ऐपत आली, टेबल आलं, दार काही आलं नाही. विचारलं तर हसायचे. "दार लावून गुरं तपासतात का गं?"

"डॉक्टर, ही गुरं नाहीत."

"हो ना. गुरं बरी, औषध मुकाट घेतात."

सगळा बाक खो-खो हसायचा. बाकाला हसायला लागतं काय!

बायकांना तपासायचं तर मी चादर धरून उभी राहायची. चादरीने दिसायचं बंद होतं, ऐकू यायचं नाही. "पाळी कधी आली होती?" हा प्रश्न आत विचारला की बाहेर बाकावर बसलेला वायरमन मान खाली घालून चपलेकडे बघत बसायचा. काही जण मान खालीही घालायचे नाहीत. कुणाच्या पोटात जंत, कुणाला मूळव्याध, कुणाच्या नवऱ्याला मूल होईना, सगळं बाकावर. डॉक्टर कागदपत्र ठेवायचे नाहीत. "कागद कशाला? बाकाला विचारा." आणि बाक खरंच सांगायचा. "अहो डॉक्टर, हिला मागे ती लाल गोळी दिली होतीत, अंगावर पुरळ आलं होतं, ती नका देऊ." बाकाला सगळ्यांचं सगळं पाठ.

डॉक्टरांचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "इथे कुणी एकटं आजारी नसतं." गावात कुणी आजारी पडलं की सगळं गाव उशाशी बसायचं, तसं.

मी प्रामाणिक आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. एकदा एक बाई आली, दंडावर काळे-निळे वळ. म्हणाली, पायरीवरून पडले. डॉक्टरांनी तिचा दंड उजेडात धरला आणि त्या आवाजात म्हणाले, "पायरीला बोटं असतात का? ही पाच बोटं आहेत. नवऱ्याला बोलव." बाकावरच्या बायका ताडकन उठल्या. दोघी जाऊन नवऱ्याला कामावरून घेऊन आल्या, आणि डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर असा सोलला की तो घाम पुसत बाहेर पडला. पुन्हा हात उचलला नाही. दार असतं तर ती बाई "पायरी, पायरी" करत एके दिवशी मेली असती. हे मला मान्य आहे. ही गोष्ट गल्लीत सगळे सांगतात. माझी कुणी सांगत नाही.

माझं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, घड्याळदुरुस्ती करायचा, कमी बोलायचा आणि बोलला की हसवायचा. तेव्हा मला मध्येच डोळ्यांपुढे काळोखी यायची, मग काही आठवायचं नाही, जाग आली की जीभ चावलेली. आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आईने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टरांनी माझी जीभ बघितली, डोळे बघितले, आईला चार प्रश्न विचारले, आणि आनंदाने, हो, आनंदानेच, कारण निदान पक्कं झालं होतं ना, जोरात म्हणाले, "आकडी आहे ही! फिट! घाबरायचं काही नाही, गोळ्या चालू करू, झाकून जाईल सगळं."

झाकून जाईल म्हणाले, ओरडून.

बाहेर बाकावर माझ्या होणाऱ्या सासूची सख्खी बहीण खोकत बसली होती. मी चौकटीतून बाहेर आले तेव्हा सगळा बाक पुढे झुकला होता. कोपरं गुडघ्यांवर, माना लांब. ते झुकणं मी आजतागायत विसरलेले नाही. त्या बाईचा खोकला तर एकदम बराच झाला होता.

लग्न मोडलं हे सांगायला नकोच. निरोप आणणाऱ्याने घराच्या आतही पाय टाकला नाही.

डॉक्टर स्वतः आमच्या घरी आले. हेही लोक कौतुकाने सांगतात, बघा, स्वतः गेले! ते येऊन आईला म्हणाले, "आजार लपवून लग्न करणं बरं नाही, बाई. आज ना उद्या कळलंच असतं. पोरगी हुशार आहे, माझ्याकडे कामाला पाठवा."

लपवणार कोण होतं? मी त्याला सांगणारच होते. माझ्या तोंडाने, माझ्या शब्दांत, तो माझ्याकडे बघत असताना. तो नाही म्हणाला असता तर नाही म्हणाला असता, मी ते पचवलं असतं. पण ते वाक्य माझं होतं, आणि डॉक्टरांनी ते बाकावर फेकलं, भाकरीचा तुकडा फेकावा तसं.

तरी गेले कामाला. करते काय? त्यांच्या गोळ्यांनी आकडी गेली ती गेलीच, पुन्हा आली नाही. आता बोला. ज्या माणसाने तुमचं घर होण्याआधी मोडलं त्यानेच तुम्हाला बरं केलं, तर त्याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडाने? मी रोज भांडले. रोज सकाळी झाडू मारताना एकदा तरी म्हणायचे, "डॉक्टर, दार." ते म्हणायचे, "चहा." एवढंच आमचं भांडण, आयुष्यभर चाललं.

एकदाच ते भांडण पेटलं. शाळेतले एक मास्तर यायचे. नेहमी खोकल्याचं औषध न्यायचे. मी त्यांना कधी खोकताना ऐकलं नाही. बाटली घ्यायचे, जरा घुटमळायचे, बाकाकडे बघायचे, बाकावर त्यांच्याच दोन-चार विद्यार्थ्यांचे आईबाप, आणि मग "बरं येतो" म्हणून जायचे. पुढे कळलं की त्यांना लाजेच्या जागी गाठ होती. कळलं तेव्हा ती सगळीकडे पसरली होती. मास्तर गेले.

त्या दिवशी बाक रिकामा झाल्यावर डॉक्टर डोकं धरून बसले. "मला का नाही सांगितलं त्याने? एवढा रोजचा येणारा माणूस!"

मी म्हटलं, "तुम्ही एकटे कुठे सापडता?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला तुम्हाला सांगायचं होतं. सगळ्या पालकसभेला नव्हतं सांगायचं. हा बाक खोटं बोलायची शाळा आहे, डॉक्टर. अर्धे लोक इथे दुसऱ्याच आजाराचं औषध घेऊन जातात."

ते असे भडकले की हातातली तपासायची नळी टेबलावर आपटली. "निघ! तुझं ते जुनं उकरून काढायला मास्तर मेला काय?" मी निघाले. काही दिवसांनी त्यांनीच बोलावणं पाठवलं, सुया सापडत नाहीत म्हणून. मी गेले. दाराचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, ते म्हणाले, "चहा."

असा माणूस नव्वदी ओलांडून जगला. हात थरथरायला लागले तेव्हा सुई मी द्यायची, कान गेले तेव्हा बाक आणखी जोरात बोलायला लागला. खुर्ची सोडली नाही.

आणि मग एका दुपारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, म्हणाले, "पोरी, रस्त्याचं दार लाव."

मला वाटलं ऊन लागत असेल. लावलं.

"खिडकीपण."

लावली. अंधार झाला. त्या अंधारात ते बोलले, आणि मी तो आवाज ओळखलाच नाही. इतका बारीक. त्यांना असाही आवाज होता तर! मग उभ्या जन्मात तो कधी का नाही काढला? त्यांनी मला त्यांचं दुखणं सांगितलं. काय करावं लागेल तेही सांगितलं. "मुलाला सांगू नकोस. नातीलाही नको. कुणालाच नको."

मी खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती दया नव्हती. खाडकन खिडकी उघडावी आणि गल्लीत ओरडावं असं वाटलं. या हो या, बसा बाकावर! मी म्हटलं, "का? इथे कुणी एकटं आजारी नसतं ना?"

"लाज वाटते गं."

"आज वाटली? मला त्या दिवशी वाटली नसेल? मास्तरांना नसेल?"

मग म्हणाले, "माझी आई आजारी होती तेव्हा सगळं गाव आमच्या अंगणात बसलेलं असायचं. मला फार बरं वाटायचं, एवढी माणसं. ती मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं, उजेड सोसत नाही तिला."

एवढंच. माफी वगैरे नाही. मी वाट बघितली, नाही मागितली. मी हात धुतले आणि जे करायचं होतं ते केलं. त्यानंतर ते गेले तोवर रोज केलं, दार लावून, खिडकी लावून. काय दुखणं होतं ते मी इथेही लिहिणार नाही. वाचायला मिळेल म्हणून कुणी पुढे झुकलं असेल तर त्याने सरळ बसावं.

डॉक्टर गेल्यावर दवाखाना त्यांच्या नातीने घ्यायचं ठरवलं. छोट्या डॉक्टर म्हणतो आम्ही तिला. पोरगी गुणाची, हातही चांगला, पण आजोबांच्या प्रेमात आंधळी. तिने मला कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. मधली चौकट तर जाणारच होती, भिंतही पाडायची. एकच मोठी मोकळी खोली, मध्ये तिचं टेबल, बाजूने तोच बाक पॉलिश करून. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ते वाक्य, इथे कुणी एकटं आजारी नसतं.

"मावशी, कसं वाटतंय? मोकळा दवाखाना! आजोबांची पद्धत आपण चालू ठेवायची."

"दार?"

"कशाचं दार?"

"तपासायच्या खोलीचं."

"अहो, तेच तर नाहीये ना! तीच तर गंमत आहे."

गंमत! मी म्हटलं, मग मी येणार नाही. तिचा चेहरा पडला. नवीन डॉक्टरकडे लोक मला बघून येणार होते, हे तिलाही कळत होतं. म्हणाली, "आधी आजोबांची शोकसभा होऊ दे, मग बोलू. सभेत तुम्ही बोलायचंय हं. तुमच्याइतकं आजोबांना कुणीच ओळखत नव्हतं."

सभा शाळेच्या हॉलमध्ये ठेवली होती. गल्ली झाडून हजर. पहिल्या रांगेत बाकावरचे सगळे जुने खेळाडू, जणू बाकच उचलून आणलाय. डॉक्टरांचा मुलगा बोलायला उभा राहिला. तो दूर असतो, मोठ्या कंपनीत साहेब आहे, वडिलांकडे सहा-सहा महिने फिरकायचा नाही. उघडं आभाळ, मोकळा डोंगर, मोकळ्या मनाचा माणूस, असं बरंच काही बोलला. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "आणि या ताई! यांनी बाबांच्या बरोबरीने रुग्णसेवेला वाहून घेतलं. त्यासाठी लग्नसुद्धा केलं नाही."

टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यात ज्यांना माझं लग्न कसं मोडलं हे ठाऊक होतं तेही वाजवत होते. मला वाटलं माझ्या कानशिलांतून वाफ निघतेय.

मग मला वर बोलावलं. माइकला खरखर होती. मी उभी राहिले आणि मला कळलं की माझ्या जिभेवर एक वाक्य तयार आहे. डॉक्टरांना शेवटी हे झालं होतं, आणि त्यांनी मला दार लावायला सांगितलं. बस. एवढं बोलले असते की चित्र फाटलं असतं, भिंत वाचली असती, दुसऱ्या दिवशी दार बसलं असतं. साहेबाचं आभाळ, पोरीची गंमत, सगळं एका वाक्यात जमीनदोस्त. आणि त्यांनी माझं केलं तसंच त्यांचं केलं असतं, फिट्टंफाट.

मी म्हटलं, "डॉक्टरांच्या शेवटच्या आजारपणाची गोष्ट आहे."

आणि पहिली रांग पुढे झुकली. कोपरं गुडघ्यांवर. माना लांब.

मला शिसारी आली. त्यांचीही आणि माझीही, कारण मी तुकडा फेकायला हात वर केलाच होता.

"ती मी सांगणार नाही," मी म्हटलं. "सांगण्यासारखी आहे. तुम्हाला रात्री झोप येणार नाही अशी आहे. पण ती त्यांची आहे. त्यांनी मला दार लावून सांगितली. हो, डॉक्टरांनी. दार लावून. तेवढं सांगते, कारण दार मी लावलं होतं, ते माझं आहे. आणि माझं लग्न. साहेब म्हणतात मी सेवेसाठी सोडलं. मी काही सोडलं नाही. डॉक्टरांनी माझा आजार त्या खुर्चीतून ओरडून सांगितला, आणि इथे बसलेल्यांपैकी काही जणांनी तो संध्याकाळच्या आत पोचता केला. ही गोष्ट माझी आहे म्हणून सांगते. आता वाजवा टाळ्या."

कुणी वाजवल्या नाहीत. मागून कुणीतरी "आज हे बोलायची वेळ आहे का?" म्हणालं. मी म्हटलं, "कधी आहे ते सांगा, तेव्हा येते." आणि खाली उतरले.

हॉलच्या मागे खुर्च्यांची थप्पी लावायची खोली होती, तिथे छोट्या डॉक्टरांनी मला गाठलं. नाक लाल झालेलं.

"मावशी, सगळ्यांसमोर? आजोबांच्या सभेत?"

"तुझ्या आजोबांनी माझं कुठे केलं होतं?"

"मला लग्नाचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आजोबांना काय झालं होतं?"

"नाही सांगणार."

"मी डॉक्टर आहे!"

"तू नात आहेस. त्यांनी नातीलाही नको म्हटलं होतं."

"पण मला कळायला नको? मी किती वेळा त्यांच्याजवळ बसले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी काही करू शकले असते!"

"हो. करू शकली असतीस. मास्तरांसाठी तुझे आजोबाही करू शकले असते. माणूस सांगत नाही तोवर डॉक्टर काय करणार, कपाळ? आणि माणूस कुठे सांगतो ते तू ठरव. तुझी मोकळी खोली तुला लखलाभ."

ती खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "पडदा लावू. जाड."

"पडद्याला कान नसतात, पण पडद्यापलीकडच्यांना असतात."

"काचेचं दार? धुरकट काच?"

"तू काय मासे ठेवणार आहेस आत?"

तिला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "लोक येणार नाहीत हो, मावशी. लोकांना तो बाक आवडतो. त्या बाईला नवऱ्यापासून बाकानेच वाचवलं, तुम्हीच सांगता ना?"

"वाचवलं. बाक राहू दे. तिला आत विचार, बाहेर सांगू का म्हणून. ती हो म्हणाली तर मीच बाकाला उठवते, आणि नवऱ्याला मीच धरून आणते. पण विचार."

ती डोळे पुसून, मला न सांगता निघून गेली. दोन दिवस तिचा काही निरोप नाही. मी ठरवलं होतं, भिंत पडली तर त्या रस्त्याने जायचं नाही.

भिंत पडली नाही. सुताराने एक साधं प्लायवूडचं दार आणून चौकटीत बसवलं, तेही जुन्या चौकटीत नीट बसेना. एका कोपऱ्यात घासायचं, दुसऱ्या कोपऱ्यात फट. कडी लागायची नाही. छोट्या डॉक्टरांनी मला एवढंच म्हटलं, "दार आहे. या." भिंतीवरचं वाक्य मात्र रंगवून झालं होतं. मी त्यावर काही बोलले नाही, एका दमात सगळं कुठे मिळतं.

पहिल्या दिवशी बाक भरला. बसायला आले की बघायला, देव जाणे. पहिल्यांदा आत गेली ती एक आई आणि तिची मुलगी, कॉलेजात जाणारी असेल. मुलीने ओठ घट्ट मिटलेले. थोड्या वेळाने छोट्या डॉक्टरांनी आईलाही बाहेर पाठवलं. दार लागेना म्हणून मी त्याला पाठ लावून उभी राहिले.

बाकाला हे नवीन. गल्लीतली शिवणवाली बाकाच्या टोकाला बसली होती, तिने दोन मिनिटं कळ काढली असेल.

"काय गं, एवढा वेळ काय चाललंय आत?"

"तपासणी."

"ते कळतं मला. कशाची?"

"माणसाची."

पेन्शनर आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "मोठे डॉक्टर असते तर एव्हाना आम्हाला निदान कळलं असतं. औषधही आम्हीच सुचवलं असतं."

"म्हणूनच तर मास्तर मेले," मी म्हटलं. आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

शिवणवाली गप्प बसणारी नाही. मुलीच्या आईकडे तिरकं बघत, जरा खालच्या पट्टीत, म्हणजे रस्त्यापर्यंत जाईल एवढ्याच, म्हणाली, "आईलासुद्धा बाहेर काढलं म्हणजे काहीतरी आहेच. या वयाच्या पोरींना काय होतं ते काय आपल्याला कळत नाही होय? मला तर वाटतं..."

"तुला काय वाटतं ते राहू दे. तुला मागे काय झालं होतं ते सांगू का मी इथे? चादर मीच धरली होती."

तिचं तोंड मिटलं. "एवढं काय ओरडायला झालं, सहज विचारलं." आजोबा फिसकन हसले.

"आणि तुमचंही आठवतंय, आजोबा." हसणं थांबलं.

मुलीची आई पदराचं टोक पिळत खाली बघत होती. तिने एकदाच वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आभार मानेल, पण तसलं काही नव्हतं तिच्या डोळ्यांत. तिलाही आत काय चाललंय ते कळायला हवं होतं, आणि मी तिच्या वाटेत उभी होते.

मागे फटीतून बारीक आवाज येत होता. मुलगी बोलायला लागली होती. आधी एक शब्द, मग थांबून दोन, मग सुटलीच. अर्धंमुर्धं मला ऐकू येत होतं, आणि माझे कान आपोआप मागे वळले. एवढं सगळं करून मी त्या बाकापेक्षा काय वेगळी होते? स्वतःचाच असा राग आला की दाराला टेकलेली पाठ मी आणखी दाबली, पण फट काही बुजेना. छोट्या डॉक्टरांचा आवाज आला, आजोबांच्या त्या शेवटच्या आवाजाइतका बारीक. मुलगी रडत रडत काहीतरी सांगत होती आणि तिचं प्रत्येक अक्षर बाहेरच्या खोलीत यायला बघत होतं.

"बोला काहीतरी," मी बाकाला म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आतापर्यंत मी त्यांना गप्प बसवत होते.

"काय बोलू?" शिवणवाली फुगून म्हणाली. "बोललं की ओरडतेस."

"दुसऱ्याचं नको. तुमचं स्वतःचं बोला. मोठ्याने. आजोबा, तुमची सून काय म्हणते?"

पेन्शनर आजोबांचे डोळे असे चमकले की जणू त्यांना पेन्शन वाढवून मिळाली. काठी बाजूला ठेवून ते सरसावून बसले. "सून? अगं, तिचं नाव काढू नकोस! परवा मला म्हणते कशी, बाबा, तुम्ही घोरता..."

"जोरात, आजोबा. मागच्यांना ऐकू येत नाही."

"घोरता म्हणते!" आजोबा ओरडले. बाकावरूनच बेकरीवाला म्हणाला, "घोरता तर आहातच, बेकरीत ऐकू येतं," आणि मग दोघांची अशी जुंपली की शिवणवालीलाही मध्ये पडल्याशिवाय राहवेना. मी दाराला पाठ लावून उभी होते. आतलं आता काहीच ऐकू येत नव्हतं.